वेबसाइट ‘सर्वांसाठी खुली’ आहे म्हणे. पण अडलं तर फोन कुणाला करायचा?

लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी २०२५ मध्ये सुरू झाली तेव्हाचं चित्र गावोगावी सारखंच होतं. सेतू केंद्रासमोर रांग, मोबाइलच्या दुकानात रांग, आणि ज्यांना जमेल ते घरीच फोनवर खटाटोप करत बसलेले. आधार क्रमांक टाका, वाकडीतिकडी अक्षरं बघून तो कॅप्चा भरा, मग ओटीपीची वाट बघा. चांगलं दिसणाऱ्या माणसाचाही कॅप्चा दोन-तीनदा चुकतो.

आता हाच अर्ज डोळ्यांनी न दिसणाऱ्या बाईला भरायचा आहे असं समजा. तिच्याकडे स्मार्टफोन आहे आणि फोन तिला बोलून सगळं वाचून दाखवतो. व्हॉट्सअ‍ॅप ती वापरते, भाचीला फोन लावते, पैसे आल्याचा मेसेज ऐकते. पण ज्या साइटवर कॅप्चा फक्त चित्रात असतो, ऐकायची सोय नसते, तिथे फोन गप्प होतो. मग शेजारच्या पोराला बोलवा, आधार क्रमांक त्याला सांगा, ओटीपीही सांगा. ‘ओटीपी कुणालाही सांगू नका’ असं बँक रोज बजावते. तिच्यापुढे दुसरा रस्ताच ठेवलेला नाही.

अशा माणसासाठी वेबसाइटवर एक पान असायला हवं. इंग्रजीत त्याला अ‍ॅक्सेसिबिलिटी स्टेटमेंट म्हणतात. मराठीत कुठे ‘सुगम्यता निवेदन’, कुठे आणखी काही नाव दिसतं. सोप्या भाषेत सांगायचं तर ही वेबसाइट दिव्यांग, म्हातारी, कमी दिसणारी, कमी ऐकणारी माणसं कितपत वापरू शकतात, कुठे अडतील आणि अडली तर काय करायचं, हे कार्यालयाने स्वतः लिहून दिलेलं पान. सरकारी साइटवर अगदी तळाशी, ‘धोरणे’, ‘मदत’ अशा बारीक अक्षरांतल्या ओळींमध्ये ते शोधावं लागतं. तिथपर्यंत सहसा कुणी जात नाही, आणि ते पान तसंच पडून राहण्याचं एक कारण तेही आहे.

अचानक सगळ्यांच्या वेबसाइट

हा विषय आत्ताच का, तर गेल्या काही काळात सरकारी वेबसाइटना एकदम महत्त्व आलं. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जानेवारी २०२५ मध्ये सरकारी कार्यालयांना १०० दिवसांचा ७ कलमी कार्यक्रम दिला, त्यात संकेतस्थळ सुधारणं हे एक कलम होतं. मग १५० दिवसांचा कार्यक्रम आला, त्यातही ई-गव्हर्नन्सवर भर. १७ सप्टेंबर २०२५ पासून मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियान सुरू झालं आणि ग्रामपंचायतींमध्येही वेबसाइटची लगबग दिसू लागली. ज्या पंचायतीच्या फलकावर महिनोन्महिने जुनीच नोटीस लटकत होती, तिचीही आता साइट आहे. मुखपृष्ठावर सरपंच-उपसरपंचांचे फोटो, मंदिराचा फोटो, वृक्षारोपणाचा फोटो.

काम वाईट नाही. दाखला, कर, योजना, यादी हे सगळं फोनवर आलं तर तालुक्याला मारावी लागणारी चक्कर वाचते, आणि ती चक्कर सर्वांत महाग पडते ती दिव्यांग माणसालाच. एसटीचा प्रवास, सोबत एक माणूस, त्या माणसाचा बुडालेला रोज. खरं म्हणजे ऑनलाइन कारभाराचा पहिला फायदा त्याला व्हायला हवा होता. पण साइट बांधणाऱ्याने त्याचा विचार केला नसेल तर उलटं घडतं. पूर्वी खिडकीपाशी जाऊन विचारता तरी यायचं, आता खिडकीवरचा माणूस म्हणतो, ‘ऑनलाइन करा.’

अशी माणसं थोडी नाहीत. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले, त्यातले सुमारे ६९ टक्के खेड्यांत राहणारे. महाराष्ट्रात ही संख्या २९ लाख ६३ हजार होती, आणि त्यात दृष्टिदोष असलेले ५ लाख ७४ हजार. त्या जनगणनेत दिव्यांगत्वाचे आठच प्रकार धरले होते. २०१६ च्या कायद्याने ते २१ केले. त्यात मोतीबिंदू झालेले आजोबा, लकव्याने एक हात गेलेला शेतकरी, ऊसतोडीत बोटं गेलेला मजूर आणि ज्याच्याकडे दिव्यांगाचं प्रमाणपत्र नाही पण बारीक अक्षर दिसत नाही असा प्रत्येक माणूस मिळवला, तर हा आकडा घराघरापर्यंत पोचतो. भर दुपारी शेतात उभं राहून पांढऱ्यावर फिक्या करड्या अक्षरांतली सूचना वाचून बघा, धडधाकट माणसालाही ती दिसत नाही.

कायदा काय म्हणतो

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, तो अमलात आला १९ एप्रिल २०१७ ला. त्याच्या कलम ४२ मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमातला मजकूर दिव्यांगांना वापरता येईल अशा स्वरूपात असावा, ही सरकारची जबाबदारी धरली आहे. कलम ४६ ने सेवा देणाऱ्यांना, मग ते सरकारी असोत की खासगी, नियम झाल्यापासून दोन वर्षांची मुदत दिली. नियम जून २०१७ मध्ये आले. म्हणजे हिशोबाने जून २०१९ मध्येच सगळं व्हायला हवं होतं. सरकारी वेबसाइट कशा असाव्यात याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तर २००९ पासून आहेत, २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती निघाली. कागदावर कशाचीच कमी नाही.

अडचण कुठे होती ते सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ ला दाखवलं. राजीव रतुरी विरुद्ध केंद्र सरकार या खटल्यात तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने २०१७ च्या नियमांतला १५(१) हा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला. कारण साधं होतं. कायदा म्हणतो ‘करावंच लागेल’, आणि नियम मात्र ‘केलं तर बरं’ अशा सुरात लिहिलेले. न्यायालयाने सक्तीचे नियम करायला तीन महिने दिले.

पाठोपाठ ३० एप्रिल २०२५ ला न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांच्या खंडपीठाचा निकाल आला. प्रज्ञा प्रसून विरुद्ध केंद्र सरकार हा तो खटला. अ‍ॅसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे गमावलेल्यांना बँकेची डिजिटल केवायसी करता येत नव्हती, कारण कॅमेऱ्यासमोर पापणी मिचकावून दाखवा अशी अट. पापणीच नसेल तर मिचकावणार काय? त्यासोबत दृष्टिहीन वकिलाचीही याचिका होती. न्यायालयाने म्हटलं की डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. २० निर्देश दिले. वेबसाइट आणि अ‍ॅप वेळोवेळी जाणकारांकडून तपासून घ्या, तपासणीत दृष्टिहीन माणसांना सामील करा, पापणी मिचकावण्याला पर्याय द्या, कागदावरची केवायसी बंद करू नका, असे. निकालात खेड्यातल्या माणसांचा, ज्येष्ठांचा, गरिबांचाही उल्लेख आहे, त्यामुळे हा फक्त दिव्यांगांचा निकाल समजून बाजूला ठेवण्यासारखा नाही.

तपासणी झाली की त्यात काय सापडलं ते लोकांना सांगायची जागा म्हणजे हे सुगम्यता निवेदन. तपासणीच झाली नसेल तर निवेदनात लिहिण्यासारखं काही उरत नाही, मग चांगले शब्द तेवढे लिहिले जातात.

पानावर प्रत्यक्षात काय असतं

बऱ्याच सरकारी साइट्सवरचं हे पान एकमेकांची नक्कल आहे. मजकुराचा आशय असा: ही वेबसाइट सर्वांना, कोणत्याही उपकरणावर, कोणत्याही क्षमतेच्या व्यक्तीला वापरता यावी यासाठी आम्ही कटिबद्ध आहोत, अमुक आंतरराष्ट्रीय मानकाची अमुक पातळी आम्ही पाळतो, काही अडचण असल्यास आम्हाला लिहा. कार्यालयाचं नाव बदललं की झालं. कधी तपासलं, कुणी तपासलं, काय चालत नाही, लिहायचं तर कुणाला, उत्तर किती दिवसांत येणार, यातलं काहीच नाही.

केंद्र सरकारच्या काही साइट्सच्या अशा पानांवर तर ‘हिंदी भाषेतील माहिती सुगम्य नाही’ अशा अर्थाचं वाक्य वर्षानुवर्षं होतं. प्रामाणिक कबुली म्हणून ते ठीक, पण देशातली सर्वांत मोठी भाषाच बाहेर ठेवल्यावर आत कोण उरलं, हा प्रश्न ते वाक्य चिकटवणाऱ्या कुणाला पडला नसावा.

रस्त्याचं उदाहरण घ्या. पुलाचं काम चालू असेल तर अलीकडच्या फाट्यावर पाटी लागते: ‘पुढे रस्ता बंद, पर्यायी मार्ग अमुक गावावरून’. त्या पाटीने पूल दुरुस्त होत नाही, पण ट्रॅक्टर घेऊन पुढे गेलेल्याचा फेरा वाचतो. त्या जागी ‘हा रस्ता सर्व वाहनांसाठी खुला ठेवण्यास विभाग कटिबद्ध आहे’ अशी पाटी लावली तर लोक हसतील. वेबसाइटवर नेमकी तीच पाटी लागलेली आहे आणि कुणी हसत नाही, कारण जो अडतो त्याला ती पाटी वाचताच येत नाही.

हे पान कसं असावं याचं चांगलं उदाहरण ब्रिटनचं. तिथे २०१८ च्या सप्टेंबरपासून सरकारी संस्थांच्या वेबसाइटसाठी वेगळे नियम लागू झाले आणि २३ सप्टेंबर २०२० पर्यंत जुन्या साइटनाही ते पाळणं बंधनकारक झालं. मंत्रालयापासून अगदी पॅरिश कौन्सिलपर्यंत, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारख्या खालच्या पायरीपर्यंत, प्रत्येकाला हे निवेदन प्रसिद्ध करावं लागतं. त्यात काय असावं हेही ठरवून दिलं आहे. साइट पूर्ण, अर्धवट की अजिबातच सुगम्य नाही, यापैकी एक सांगायचं. कोणता भाग चालत नाही आणि का, ते लिहायचं. ती माहिती दुसऱ्या मार्गाने कशी मिळेल, तक्रार कुणाकडे, ऐकलं नाही तर वर कुणाकडे, आणि निवेदन कोणत्या तारखेला लिहिलं हेही त्यात असतं. पैसे कमी असल्याने एखादी गोष्ट करता येत नाही असं लहान संस्था म्हणू शकते, पण मग तो हिशोब मांडावा लागतो. नुसतं ‘निधी नाही’ म्हणून भागत नाही. दरवर्षी काही साइट उचलून सरकारी यंत्रणा तपासते.

म्हणून तिथल्या कित्येक पानांवर ‘आमची वेबसाइट अंशतः सुगम्य आहे’ असं सरळ लिहिलेलं सापडतं. आपल्याकडे असं लिहायला अधिकारी घाबरतो. कमीपणा वाटतो, वरून विचारणा होईल ही धास्ती असते. शिवाय १०० दिवसांच्या, १५० दिवसांच्या स्पर्धेत गुण मिळतात ते ‘आहे’ म्हणणाऱ्याला. ‘नाही’ असं कबूल करणाऱ्याला कुणी गुण देत नाही. खरी गाठ इथे आहे. आपल्या २०१६ च्या कायद्यात निवेदनाचा असा ठरीव नमुना दिलेला नाही, त्यामुळे गोलगोल लिहून सुटता येतं.

फोटो काढून चिकटवलेली यादी

ग्रामीण भागातल्या साइट्सवर सर्वांत मोठा अडथळा कोणता? यादी. घरकुलाची यादी, नुकसानभरपाईची यादी, पात्र-अपात्रांची यादी. ती टाइप केली जाते, छापली जाते, सही-शिक्का होतो, मग तो कागद स्कॅन करून किंवा मोबाइलने फोटो काढून पीडीएफ बनवतात आणि चढवतात. डोळ्याने बघणाऱ्याला ती यादी दिसते. वाचून दाखवणाऱ्या फोनसाठी मात्र तो नुसता फोटो, त्यात एकही अक्षर नाही. आपलं नाव यादीत आहे का हे त्या माणसाला दुसऱ्यालाच विचारावं लागतं, आणि गावात कुणाचं नाव कुठल्या यादीत आहे हे विचारणं नेहमी सोपं नसतं.

याची परीक्षा कुणालाही करता येते. पीडीएफ उघडा आणि एखाद्या शब्दावर बोट दाबून धरा. शब्द निवडला गेला तर ठीक. काहीच निवडलं जात नसेल तर तो फोटो आहे.

दुसरा अडथळा जुन्या फॉन्टचा. कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी अशा फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण आतून ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. तो कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की अगम्य काहीतरी उमटतं, हा अनुभव अनेकांना आहे. दृष्टिहीन माणसाला फोन तेच अगम्य वाचून दाखवतो. युनिकोड वापरा, अशा सूचना शासनाने दिलेल्या आहेत, तरी तालुक्याच्या कितीतरी संगणकांवर सवय जुनीच आहे. गंमत अशी की सही करण्याआधी संगणकात असलेली मूळ फाइल युनिकोडमध्ये असेल तर तीच सोबत चढवायला एक मिनिट लागतं. शिक्क्याचा फोटोही ठेवा आणि वाचता येणारी यादीही ठेवा, दोन्ही ठेवायला कुणाची ना नाही.

फॉर्मचं तिसरं दुखणं. रकान्याला नावच दिलेलं नसतं. बघणाऱ्याला रकान्याच्या वर ‘जन्मतारीख’ दिसतं, पण फोन फक्त ‘एडिट बॉक्स’ म्हणतो. काय भरायचं? बटणावर बाणाचं चित्र असतं, फोन म्हणतो ‘लेबल नसलेलं बटण’. आणि अर्ज अर्धा भरेपर्यंत वेळ संपून साइट बाहेर फेकते. हे शेवटचं तर सगळ्यांच्याच वाट्याला येतं.

ज्यांना हे अनुभवायचं आहे त्यांनी पाच मिनिटं द्यावीत. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये शोधायच्या चौकटीत ‘टॉकबॅक’ टाइप केलं की वाचून दाखवण्याची सोय सापडते, ती मराठीही वाचते. एक खबरदारी घ्या. ती चालू झाली की फोनची वागणूक बदलते: एकदा बोट लावलं की फोन नाव वाचतो, उघडायला दोनदा टिचकी मारावी लागते आणि सरकवायला दोन बोटं लागतात. म्हणून चालू करण्याआधीच तिथला शॉर्टकट चालू करून ठेवावा, म्हणजे आवाजाची दोन्ही बटणं एकदम तीनेक सेकंद दाबली की सोय बंद होते. हे न करता खेळायला गेलेले पुष्कळ जण ‘फोन बिघडला’ म्हणून दुकानात गेले आहेत. मग आपल्या ग्रामपंचायतीची नाहीतर पंचायत समितीची साइट उघडायची, डोळे मिटायचे आणि एखादी योजना शोधायची.

खुर्चीचं चिन्ह लावलं म्हणजे झालं?

आता एक नवीन प्रकार दिसतो. साइटच्या कोपऱ्यात माणसाचं किंवा चाकाच्या खुर्चीचं गोल चिन्ह असतं, ते दाबलं की अक्षर मोठं करा, रंग उलटे करा, ओळीतलं अंतर वाढवा अशी पाटी उघडते. कमी दिसणाऱ्याला त्याचा थोडा उपयोग होतो, नाही असं नाही. पण साइट बनवून देणारे हे चिन्ह दाखवून ‘साहेब, आता तुमची साइट शंभर टक्के दिव्यांगस्नेही’ असं सांगत असतील तर ते खरं नाही. फोटोची यादी त्या बटणाने वाचण्यासारखी होत नाही, रकान्याला नाव मिळत नाही. अमेरिकेत अशी यंत्रणा विकणाऱ्या अ‍ॅक्सेसिबी या कंपनीवर तिथल्या व्यापार आयोगाने २०२५ मध्ये १० लाख डॉलरचा भुर्दंड टाकला, कारण आमचं साधन लावलं की कोणतीही वेबसाइट मानकात बसते असा तिचा दावा होता. साइटचं बिल पास करण्याआधी हे सरपंचांनी आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी (कालपर्यंतच्या ग्रामसेवकांनी) लक्षात ठेवलेलं बरं.

एका पंचायतीचं निवेदन कसं असेल

मोठं काही लागत नाही. वकील नको, सल्लागार नको. कुठल्याही ग्रामपंचायतीला अर्ध्या तासात लिहिता येईल असा मसुदा साधारण असा होईल:

‘ही वेबसाइट आम्ही अमुक तारखेला गावातील एका दृष्टिहीन व्यक्तीसोबत बसून मोबाइलवर तपासली. योजनांची माहिती आणि फोन नंबर वाचता येतात. घरपट्टीची यादी व ग्रामसभेचे २०२४ पूर्वीचे ठराव स्कॅन केलेले आहेत, ते वाचता येत नाहीत. ज्यांना हवे आहेत त्यांनी कार्यालयाला फोन करावा, सकाळी १० ते ५ या वेळेत फोनवर वाचून दाखवू किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजात पाठवू. तक्रार अर्जाचा कॅप्चा चित्रात आहे. तो बदलेपर्यंत तक्रार फोनवर लिहून घेतली जाईल व नोंद क्रमांक दिला जाईल. जबाबदार व्यक्ती: ग्रामपंचायत अधिकारी. सात दिवसांत उत्तर न मिळाल्यास गटविकास अधिकाऱ्यांकडे तक्रार करता येईल. हे निवेदन सहा महिन्यांनी पुन्हा तपासले जाईल.’

यात कुठलंही मानक पूर्ण केल्याचा दावा नाही. तरीही ज्या बाईचा अर्ज अडला आहे तिला कुठे फोन करायचा ते कळतं. आणि फोन उचलला नाही तर, लिहून दिलेला शब्द मोडला म्हणून बोट ठेवायला जागा मिळते. अधिकाऱ्यांना निवेदन नकोसं वाटतं ते याच कारणाने असावं. लोकांना मात्र ते याच कारणाने हवं.

पहिल्या वाक्यातली ‘दृष्टिहीन व्यक्तीसोबत बसून’ ही अट महत्त्वाची आहे. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखायचा असतो, त्यामुळे गावातल्या दिव्यांगांची यादी पंचायतीकडे असतेच. कुणाला बोलवायचं हे शोधावं लागत नाही. बोलावलं तर त्याच बैठकीत त्या ५ टक्क्यांचं काय झालं हाही प्रश्न निघेल, ते वेगळं.

अडलंच तर

ज्या कार्यालयाची साइट वापरता येत नाही त्यांना आधी लेखी कळवायचं. कोणतं पान, कोणती तारीख, नेमकं कुठे अडलं, फोन कोणता. जमलं तर स्क्रीनचा फोटो. ‘वेबसाइट चालत नाही’ एवढंच लिहिलं तर ‘आमच्याकडे चालते’ असं उत्तर येतं. केंद्राच्या सुगम्य भारत अ‍ॅपवरही तक्रार फोटोसह टाकता येते.

दाद मिळाली नाही तर राज्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त पुण्यात बसतात. २०१६ च्या कायद्याने राज्य आयुक्तांना साक्षीदार बोलावणं, कागदपत्रं मागवणं यासाठी दिवाणी न्यायालयासारखे अधिकार दिले आहेत. त्यांनी एखाद्या कार्यालयाला शिफारस केली तर काय केलं हे त्या कार्यालयाने तीन महिन्यांत कळवायचं असतं. कायदा मोडल्याबद्दल पहिल्यांदा १० हजार रुपयांपर्यंत, पुन्हा मोडल्यास ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत दंडाची तरतूद कलम ८९ मध्ये आहे.

माहिती अधिकाराचाही उपयोग होतो. १० रुपयांच्या अर्जात विचारता येतं की आपल्या वेबसाइटची सुगम्यता तपासणी कधी झाली, कुणी केली, अहवालाची प्रत द्या. साइटवर ‘आम्ही मानक पाळतो’ असं छापलं असेल तर त्याचा आधार फाइलमध्ये असायला हवा. याच कायद्याच्या कलम ७(४) मध्ये आणखी एक गोष्ट आहे जी फार कमी लोकांना ठाऊक असते: माहिती मागणारी व्यक्ती दृष्टी, श्रवण अशा दिव्यांगत्वामुळे कागद पाहू-वाचू शकत नसेल तर माहिती अधिकाऱ्याने तिला मदत करायची आहे. अर्ज लिहिता येत नसेल तर तो तोंडी सांगून लिहून घेण्याची सोयही कायद्यात आहे.

ग्रामपंचायतीपुरतं बोलायचं तर यातलं बरंचसं टाळताही येतं. ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर ‘ग्रामपंचायत वेबसाइटचे सुगम्यता निवेदन’ हा विषय घ्यावा असा साधा अर्ज पुढच्या सभेआधी कार्यालयात देऊन पोच घ्यायची. सभेत कुणीतरी फोनचा टॉकबॅक चालू करून माइकसमोर धरला तर चर्चा फार लांबणार नाही.